माळवदाखाली कोण झोपणार

“मॅडम, एक इचारू का? तुमी रात्री झोपता कुठं?”

मी पंपाच्या खोलीपुढे दात घासत होते. तोंडात फेस होता, म्हणून ब्रशनेच मागची खोली दाखवली. लिंबाजी मुटकुळेंनी खोलीच्या पत्र्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग “बरंय” म्हणून काठी टेकत ते हळदीच्या वावरातून निघून गेले. बाईमाणूस रानात एकटी राहते, म्हणून म्हाताऱ्याने काळजीपोटी विचारलं असेल, असं मला वाटलं.

ती पौषातल्या अमावस्येची सकाळ होती. आता त्याला नऊ वर्षं झाली.

सावरगव्हाणात दिवाळीपासून जमिनीतून आवाज येत होते. माडीवरून कुणीतरी रिकामं पिंप फरफटत न्यावं तसा आवाज यायचा, मग फळीवरची भांडी थरथरायची, आणि पुन्हा सगळं शांत. भूभौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला वर्षही झालं नव्हतं. आमच्या संस्थेने एक भूकंपमापक आणि दोन बॅटऱ्या देऊन मला तिथे पाठवलं. काम सोपं होतं: यंत्र चालू ठेवायचं आणि नोंदी पाठवायच्या. गावात काही बोलायचं नव्हतं. माहिती द्यायची ती वरच्या कार्यालयातून.

मी खरंच काही बोलले नाही. मला ते शिस्तीचं वाटायचं.

अमावस्येच्या तीन दिवस आधी गावातल्या फोनांवर एक आवाज फिरू लागला. पुरुषाचा आवाज, स्वच्छ, शिकलेला. अमावस्येच्या रात्री मोठा धक्का बसणार आहे, संस्थेने सरकारला कळवलं आहे, सरकार लपवतंय, शास्त्रज्ञांनी गाव सोडलंय. मी ते ऐकलं तेव्हा हसले होते. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव रानात गेलं. घरांना कुलपं, आणि वावरात साड्यांचे, ताडपत्रीचे आडोसे. थंडी अशी होती की सकाळी पाण्याच्या पाइपाला हात लावला की बोटं दुखायची. दुसऱ्या रात्री सोनाजी नावाचे एक म्हातारे उघड्यावर वारले. ते थंडीने गेले होते. पण दुपारपर्यंत शेजारच्या गावात बातमी पोचली, की सावरगव्हाणात धक्क्याने पहिला माणूस मेला.

लिंबाजी गेल्यावर थोड्याच वेळात सरपंच कौसाबाई आल्या. धिप्पाड बाई, पायात पुरुषी चपला, डोक्यावर पदर, कानाला फोन. फोन बंद करून म्हणाल्या, “चला. रेणुकाचं लेकरू बघा.”

“कौसाबाई, मी डॉक्टर नाही.”

“ठाव हाय मला. डॉक्टर काल यिऊन गेला. घरात न्या म्हनला, नाईतर तालुक्याला न्या म्हनला. म्हातारं दोन्हीला नाई म्हनतंय. तुमी शिकलेल्या हाव, तुमचं आईकंल.”

रेणुका ही लिंबाजींची सून. नवरा पुण्याकडे कंपनीत होता. बांधाच्या कडेला दोन साड्या बांधून केलेल्या आडोशात ती बाळाला घेऊन बसली होती. तेरा दिवसांचं बाळ. तीन दुपट्यांत गुंडाळलेलं, तरी मी तळपायाला बोट लावलं आणि दचकले. रात्रभर बाहेर राहिलेल्या भांड्याला हात लावावा तसा तो पाय होता. शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त आणि तितकी ऊब लवकर जाणार, हे मी बारावीत गणित म्हणून सोडवलं होतं. तेव्हा पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

“काल रडत व्हतं,” रेणुका म्हणाली. “आज रडतबी नाई. नुसतं ओठ हलवतंय.”

“घरी ने ना याला. चुलीपाशी.”

तिने सासऱ्याकडे पाहिलं. लिंबाजी बाहेर उकिडवे बसले होते.

“घरात जानार नाई,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “मॅडम, किल्लारीच्या वक्ताला मी त्या भागात गवंड्याच्या हाताखाली व्हतो. तीन दिस माती उकरली. तिथलीबी घरं आमच्यासारखीच. दगडमातीच्या भिती, वर लाकडं, लाकडावर हातभर माती. माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊन. लई झ्याक. त्याच्याखालून काढलेली लेकरं मी माझ्या हातानं ओळीनं ठेवलीत. एकाच्या अंगावर खरचटलेलं नाई. नाकातोंडात माती, बस्स.” त्यांनी नाक पुसलं. “थंडीनं एखादं जातं. माळवदानं सगळं घर जातं.”

“मग तालुक्याच्या दवाखान्यात तरी न्या.”

“तीन मजली हाय तो.”

परत येताना मी मुद्दाम त्यांच्या घरावरून आले. उत्तरेकडची भिंत मधोमध पोटासारखी फुगलेली होती आणि कोपऱ्यात वरून खालपर्यंत फट. फटीत माझी चार बोटं गेली.

दुपारी देवस्थळी सरांचा फोन आला. ते माझे वरिष्ठ. त्यांनी मोबाईलवर एक निवेदन पाठवलं होतं आणि चार वाजता ग्रामसभेत ते मी वाचायचं होतं. निवेदन लहान होतं. ‘सावरगव्हाण परिसरात कोणताही धोका नाही. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये व आपापल्या घरी निर्धास्त झोपावे.’

“सर, ‘कोणताही धोका नाही’ हे आपण कशावरून म्हणतो?”

“पेठकर, तू नोंदी बघतेस ना? सगळे धक्के किती लहान आहेत?”

“लहान आहेत सर. पण पुढचा लहानच असेल, असं त्यातून निघत नाही. आणि इथली घरं...”

“हे बघ.” सर म्हणाले. “तुझ्या वयाचा असताना मीही एका तालुक्यात असाच गेलो होतो. लोकांनी विचारलं, मोठा येईल का? मी प्रामाणिकपणे म्हणालो, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: मोठ्या भूकंपाची शक्यता नाकारता येत नाही. अकरा गावं रिकामी झाली. एका ट्रकवर चढताना बाई पडली, चाकाखाली आली. मी तिच्या घरी जाऊन आलोय. लोकांना मधलं उत्तर पेलत नाही, पेठकर. त्यांना हो तरी लागतं, नाही तरी. आपण नाही म्हणायचं. शंभरात नव्याण्णव वेळा ते बरोबरच ठरतं.”

सर वाईट माणूस नव्हते. मी “हो सर” म्हणाले.

ग्रामसभा शाळेच्या मैदानात होती. माणसं भरपूर जमली, पण शाळेच्या भिंतीजवळ एकही बसला नव्हता. सगळे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणाला पाठ लावून. मधे मोठी मोकळी जागा, आणि त्या जागेत मी, कौसाबाई आणि एक माईक.

मी वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य संपलं, तोच मागून एक पोरगेला माणूस ओरडला, “मंग यंत्र शाळंतून का काढलं?”

मला प्रश्न कळला नाही. “काय?”

“यंत्र हो, यंत्र! चार दिसांमागं दिवे लावायच्या टायमाला तुमी आन् तुमचा डायवर, चादरीखाली झाकून, शाळंतून यंत्र काढून रानात नेलं. गावानं बघितलं.”

“आन् सोताची वळकटीबी नेली,” दुसरा म्हणाला.

एक म्हातारी बसल्या जागेवरून कडाडली, “लेकरं शाळंत आन् यंत्र रानात! यंत्राची किंमत जास्ती आसंल माय.”

कुणी हसलं नाही. माझ्या मात्र डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. फोनवरचा आवाज कुठल्या गावात, कुणी बनवला, ते आजही मला माहीत नाही. तसे आवाज त्या महिन्यात तालुकाभर फिरत होते आणि बाकीच्या गावांनी ते ऐकून सोडून दिले होते. सावरगव्हाणाने सोडले नाहीत, कारण त्यांच्याकडे डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता. शास्त्रज्ञांनी गाव सोडलंय. सोडलंच होतं. मीच सोडलं होतं, आणि का, हे कुणाला सांगायचं मला सुचलंही नव्हतं. लिंबाजी सकाळी पत्र्याकडे का बघत होते, ते आत्ता कळलं.

मी मोबाईल खिशात ठेवला.

“यंत्र हलवलं, हे खरं आहे,” मी म्हणाले. “शाळेतली मुलं धावतात. मधली सुट्टी झाली की सगळी एकदम धावतात. यंत्र इतकं नाजूक आहे की त्याला ते धक्केच वाटतात. जमिनीतलं खरं काय आणि मुलांचं काय, ते वेगळं करता येईना. म्हणून निवांत जागी नेलं. चादर घातली ती धूळ लागू नये म्हणून. आणि बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून मी तिथे झोपते.”

मग तोच पोरगेला माणूस म्हणाला, “म्हंजे आमच्या पोरायच्या उड्यायनं यंत्राला भूकंप व्हतो?”

“होतो.”

“मंग माझ्या गंप्याचं नाव पेपरात द्या की.”

आता मात्र हशा पिकला. तीन दिवसांत पहिल्यांदा. म्हातारीही हसली. हशा ओसरेपर्यंत लिंबाजी उभे राहिले होते, आणि ते हसत नव्हते.

“ते पटलं,” ते म्हणाले. “आता एकच सांगा, मंग मी बसतो. सकाळी तुमी म्हनला, लेकराला घरी ने. आज रात्री माझ्या घरात, माळवदाखाली, रेणुकाजवळ तुमी झोपाल का?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. रेणुका कुंपणापाशी होती, पदराखाली ते गाठोडं धरून.

मी ‘हो’ म्हणू शकत होते. ते धड खोटंही ठरलं नसतं. त्या एका रात्री, त्या एका भिंतीला पाडेल असा धक्का येण्याची शक्यता अगदी कमी होती, आणि ते बाळ उघड्यावर रात्र काढू शकणार नाही याची शक्यता फार मोठी होती. दोन्ही आकडे समोर ठेवले, तर कुठलाही विद्यार्थी ‘हो’ म्हणेल. मी जाऊन झोपले असते, रेणुका आली असती, चुलीपाशी बाळाला ऊब मिळाली असती. मी ते सगळं हिशेबासारखं मनात मांडलं. आणि मग त्या फटीत गेलेली माझी चार बोटं मला आठवली. उद्या, परवा, पुढच्या महिन्यात, मी गेल्यावर, ही माणसं माझ्या ‘हो’खाली झोपत राहणार होती.

“नाही,” मी म्हणाले. “मी नाही झोपणार.”

एकदम कल्लोळ उठला. काही जण उभे राहिले, बायका लेकरांना हाका मारू लागल्या. कुणीतरी “बगा, म्हनलं नव्हतं का!” म्हणून ओरडलं. मला वाटलं, संपलं. सर म्हणाले ते खरं होतं.

कौसाबाईंनी माईक हातात घेतला. “खाली बसा रे! ए परभ्या, बस खाली. बाई नाई म्हनली म्हून पळता? तीन दिस झाले, फोन हो हो म्हनतोय, त्याला नाई कुनी इचारलं तू कुठं झोपतो म्हून. बोलू द्या तिला.” त्यांनी माईक माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाल्या, “आता थांबू नगा.”

मी थांबले नाही. “तुमच्या घराची उत्तरेकडची भिंत मी सकाळी पाहिली,” मी लिंबाजींकडे बघून म्हणाले. “भूकंप आला नाही, तरी ती कधीतरी पडणार आहे. तुम्ही माळवदाबद्दल सांगता ते बरोबर आहे. हे निवेदन म्हणतं, धोका नाही. तसं कुणी सांगू शकत नाही. पण अमावस्येला मोठा धक्का येणार, असंही जगात कुणाला सांगता येत नाही. मला नाही, माझ्या साहेबांना नाही, फोनातल्या माणसालाही नाही. तारीख सांगणारा कुणीही असो, तो खोटं बोलतोय. मी सांगितली तरी मीसुद्धा.” मी श्वास घेतला. “एक गोष्ट मात्र मला नक्की माहीत आहे. ते बाळ आज रात्री उघड्यावर राहिलं, तर सकाळपर्यंत टिकणार नाही. त्याला भूकंपाची गरज नाही.”

लिंबाजी उभेच होते. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“मंग तुमी कुठं झोपाल?” त्यांनी विचारलं. सकाळचाच प्रश्न, पण आता त्यात चौकशी नव्हती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

“पत्र्याखाली. हलक्या छपराखाली. लोखंडी खांब आणि वर पत्रा. पडला तरी माणूस वाचतं.”

“हळदीचे पत्रे!” कौसाबाई म्हणाल्या.

गावाबाहेर ओढ्याकाठी हळद शिजवायच्या चार मोठ्या शेड होत्या. हंगाम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता आणि या गडबडीत भट्ट्या थंड पडल्या होत्या. पुढचा तासभर कुणी भूकंपाबद्दल बोललं नाही. ताडपत्र्या कुणाकडे आहेत, कडबा कुठून आणायचा, भट्टी कोण पेटवणार, आधी कुणाला जागा. बाळंतिणी आणि म्हातारी माणसं आधी, असं ठरलं. मी एवढंच सांगितलं, की शेडची एक बाजू उघडी ठेवा, नाहीतर धूर कोंडेल.

सगळ्यांना पटलं असं नाही. सात-आठ घरं त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर भरून पाहुण्यांकडे गेली. जाताना त्यातला एक जण मला म्हणाला, “तुमालाच ठाव नाई तर तुमी पगार कायचा घेता?”

सभा उठायच्या आधी कौसाबाई माझ्याकडे वळल्या. “आता आमचंबी आयका. रोज दिवेलागणीला देवळाच्या माईकवर यायचं. यंत्रात काय उमटलं ते सांगायचं. काई उमटलं नाई तर नाई म्हून सांगायचं. यंत्र बंद पडलं तर बंद हाय म्हून सांगायचं, लपवायचं नाई. आन् ते हलवायचं आसंल तर आदी गावाला इचारून.”

“मला वरून परवानगी नाही, कौसाबाई.”

“वर कोन झोपतंय माळवदाखाली?”

अंधार पडायच्या आत सरांचा फोन आला. कुणीतरी त्यांना सगळं कळवलं होतं.

“तू निवेदन वाचलं नाहीस.”

“एक वाक्य वाचलं सर.”

“आणि त्या घरात मी झोपणार नाही, असं चारचौघांत म्हणालीस. उद्या हे छापून येईल.”

“येईल सर.”

“आणि आज रात्री काही झालं तर?”

“तर ते पत्र्याखाली असतील सर.”

मग त्यांनी फोन ठेवला. उन्हाळ्यात माझा करार संपला आणि तो पुढे वाढवला गेला नाही. पण त्या फोनवर त्यांनी मला परत जाऊन निवेदन वाचायला सांगितलं नाही, हे मी विसरले नाही.

मी माझी वळकटी उचलून शेडमध्ये गेले. बॅटरी चोरीला गेली तर जाईल. भट्टीच्या कडेला रेणुका होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे तिने बाळाची दुपटी सोडून त्याला आपल्या उघड्या छातीशी धरलं होतं आणि दोघांवर गोधडी ओढली होती. मी विचारलं, कसं आहे? ती म्हणाली, “बघू.” लिंबाजी दाराच्या खांबाला टेकून बसले होते. ते आडवे झाले नाहीत. शेजारच्या बाया कुजबुजत होत्या, त्यातली एक म्हणाली, “अमावस सरू द्या एकदाची.” दुसरी म्हणाली, “अमावस दर महिन्याला येती, अक्का.”

तांबडं फुटायच्या सुमाराला ते आलं. आधी पिंप फरफटल्याचा आवाज, नेहमीपेक्षा जवळून. मग जमीन एकदा उचलल्यासारखी झाली आणि चारही शेडचे पत्रे एकदम कडकडले. भट्टीची राख उडाली. सगळे उठून बसले. एक मूल किंचाळलं. उघड्या बाजूकडे दोघी-तिघी धावल्या, बाहेर जाऊन थांबल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या.

गावाच्या दिशेने काहीतरी कोसळल्याचा जड आवाज आला. मग धूळ. अंधुक उजेडात ती ओढ्यापलीकडे वर चढताना दिसली.

रेणुका गोधडीखाली होती. गोधडी हलली आणि आतून बाळ रडायला लागलं. बारीक, चिरका, चिडलेला आवाज. ते थांबेना.

लिंबाजी धुळीकडे बघत होते. ती मुटकुळेंच्या आळीवरच होती, हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. त्यांचा हात खांबावर होता. मला वाटलं, आता विचारतील, हाच का तो मोठा? अजून येणार का?

“मॅडम,” ते म्हणाले, “यंत्रात काय उमटलं?”

“बघावं लागेल. पंपाच्या खोलीत जावं लागेल. तोवर मला काही सांगता येणार नाही.”

मागे दोन शेडमधली माणसं उठून बाहेर आली होती. कुणाच्या हातात गाठोडी, कुणाच्या कडेवर लेकरं. सगळे लिंबाजींकडे बघत होते, माझ्याकडे नाही. म्हाताऱ्याने धुळीवरची नजर काढली, पुन्हा खांबाला टेकले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“जा. बघून या. आमी बसतो.”